दगडी भिंतींच्या घरात वायफाय बसवताना: अर्जापासून रिन्यूअलपर्यंत

जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पुढचे काही महिने मी वाईला आईबाबांकडे राहायचं ठरलं. ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली पण नेट अखंड पाहिजे, दिवसभर व्हिडिओ कॉल असतात, आणि आईचे व्यायाम पण फिजिओथेरपिस्ट बाई पुण्यातून व्हिडिओवरच घेणार होत्या. घरात तोवर वायफाय नव्हतं. बाबांच्या मोबाईलचा डेटा तेवढा, तोही ओटीवर बसलं तर चालणार, माजघरात गेलं की फोनच लागत नाही.

घर जुनं आहे, आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं. खालच्या भिंती काळ्या दगडाच्या, दोन फुटांच्या आसपास जाड, वर मातीच्या विटा. पुढे ओटी, मग सोपा, माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि परडं. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की वायफायवर जे काही वाचायला मिळतं ते फ्लॅट डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असतं, आणि गावाकडच्या घरात राउटर लावायचा म्हटलं की माणूस एकटा पडतो. कोकणात चिऱ्याचं घर असेल, देशावर दगडमातीचं असेल, अडचणी बऱ्याचशा याच येतील.

कनेक्शन कुठलं घ्यायचं यासाठी मी जाहिराती बघितल्या नाहीत, आळीत फिरून विचारलं. विचारताना स्पीड किती असं विचारायचं नाही, सगळे प्लॅनवरचा आकडाच सांगतात. मी तीन गोष्टी विचारल्या: रात्री आठ ते दहाच्या मध्ये अडकतं का, गेल्या पावसाळ्यात लाईन किती वेळ बंद होती, आणि बंद पडल्यावर माणूस किती दिवसांनी आला. तिसऱ्या प्रश्नाला लोक जे बोलतात त्यावरून सगळं कळतं. आमच्या आळीत एका मोठ्या कंपनीची फायबर होती, तिचं गावातलं काम एक स्थानिक केबलवाला बघतो, आणि समोरच्या काकूंनी सांगितलं की केबलवाल्याचा मुलगा फोन उचलतो. फोन उचलतो हे मला पुरेसं वाटलं. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रत्येक गावात माणसं वेगळी असतात, आमचा अनुभव तुमच्याकडे लागू होईलच असं नाही.)

प्लॅन घेतला १०० एमबीपीएसचा, महिना ६९९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ८२५ पडतात, हे फोनवर कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. सहा महिन्यांचे एकदम भरले तर बसवायचा खर्च माफ होता, म्हणून ४,९४९ रुपये भरले. शिवाय फायबर ज्या डब्यात येते त्या ओएनटीसाठी १,००० रुपये डिपॉझिट. इथे एक नक्की करा, डिपॉझिट परत मिळणार का आणि डबा कोणाच्या मालकीचा, हे पावतीवर लिहून घ्या. आमच्या पावतीवर नुसतं 'इतर' असं लिहिलं होतं, मी तिथेच थांबून 'परत मिळणारं डिपॉझिट' असं लिहून सही घेतली. मुलाने कुरकुर केली नाही, फक्त आजवर कोणी मागितलं नव्हतं म्हणाला.

१२ जूनला अर्ज भरला आणि कागदपत्रांवर गाडी अडली. कनेक्शन बाबांच्या नावावर घ्यायचं होतं, आधार कार्ड होतं, फोटो होता, पण पत्त्याचा पुरावा म्हणून लाईट बिल मागितलं आणि आमचं लाईट बिल अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. अर्ज घेणारा म्हणाला की नाव जुळत नाही, सिस्टीम घेणार नाही, आधी महावितरणकडून नाव बदलून आणा. ते करायचं तर वारसांच्या सह्या वगैरे, आणि आत्यांपैकी एक नागपूरला. बाबांचा चेहराच पडला, म्हणाले राहू दे मग. मी केबलवाल्याच्या ऑफिसात जाऊन दुसरं काय चालतं ते विचारलं, तर नगरपालिकेची घरपट्टीची पावती चालते असं कळलं आणि त्यावर बाबांचं नाव होतं! घरपट्टी भरलेली होती, पावती सापडायला मात्र अर्धा दिवस गेला. तेव्हा आधीच घरपट्टी, गॅसचं पुस्तक, पासबुक असं जे जे आहे ते एका पिशवीत काढून ठेवा. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी सही करून 'फक्त ब्रॉडबँड कनेक्शनसाठी' आणि तारीख लिहिली, ही बाबांची बँकेतली सवय, मला आवडली. ओटीपी बाबांच्या मोबाईलवर येणार होता म्हणून त्यांना सोबत नेणं भाग होतं.

नंतर पाऊस सुरू झाला आणि फोन केला की उद्या, उद्या. खांबावर चढता येत नाही हे खरंच होतं, भर पावसात कोणाला चढवायचं मलाही नको होतं, पण ऑफिसला रोज कारण सांगायचं माझ्या जिवावर यायचं. तेवढ्या दिवसांत एक काम उरकून घेतलं. वायर शेजारच्या काकांच्या कौलांवरून येणार होती, त्यांना आधीच भेटून विचारलं. ते लगेच हो म्हणाले. बसवायच्या दिवशी माणसं शिडीवर चढलेली असताना विचारायला गेलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं.

२४ जूनला दोन मुलं आली, दोघंही विशीतली, कामात एकदम तरबेज. खांबावरच्या पेटीतून ड्रॉप वायर ओढली, ओटीवर आणली, आणि मशिनमध्ये केसासारखी बारीक काच ठेवून जॉइंट मारला. मी शेजारी बसून बघत होते. त्यातल्या एकाने मीटर लावून दाखवला, 'ताई, पॉवर उणे बावीस येतेय, चांगलीये.' पॉवर म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद. हा आकडा लिहून ठेवा. उणे पंचवीसच्या आत असेल तर निवांत, उणे सत्तावीसच्या पलीकडे गेला की लाईन तुटायला लागते, आणि पुढे कधी बिघाड झाला तर पहिल्या दिवशी किती होता हे आपल्याला सांगता येतं. भिंतीला ड्रिल मारायला घेतलं तर दगडात टोकच शिरेना, शेवटी खिडकीच्या लाकडी चौकटीतून भोक पाडून वायर आत घेतली. ओएनटी ओटीवर मीटरच्या पेटीशेजारी लागला कारण प्लगपॉइंट तिथेच होता. वायर आणखी आत न्यायची का असं त्यांनी विचारलं होतं, पण लाकडी तुळयांवरून फायबर वाकवत नेण्यापेक्षा ती ओटीवरच थांबलेली बरी असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं. जादा वायर मात्र दोन-तीन मीटर गुंडाळून ठेवायला सांगा, आणि गुंडाळी मोठी ठेवा, घट्ट वळण पडलं की आतली काच दुखावते आणि पॉवर पडते.

संध्याकाळी ओटीवर बसून मोबाईलवर स्पीड बघितला तर नव्वदच्या वर! सोप्यात तीस-चाळीस. माजघरात, जिथे आईचा पलंग आहे आणि जिथे मी बसून काम करणार होते, तिथे काहीच नाही. वायफायची खूण दिसायची, एखादी रेघ, पण पान उघडेना.

कस्टमर केअरला फोन केला. त्यांनी लांबून बघितलं, तुमची लाईन ओके आहे मॅडम, डबा बंद करून चालू करा, आणि फोन ठेवल्यावर लगेच मेसेज आला की तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. मला फार राग आला. आत आई झोपलेली, बाहेर मी फोन धरून उभी, आणि पलीकडचा माणूस म्हणतोय सगळं ठीक आहे.

पण तो म्हणत होता ते खरं असू शकतं का हे तपासायचा एक सोपा मार्ग आहे, आणि या सगळ्या लिखाणातली हीच एक गोष्ट लक्षात राहिली तरी माझं काम झालं. नेट आणि वायफाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खांबावरून ओएनटीपर्यंत येतं ते नेट, ती कंपनीची जबाबदारी. ओएनटीपासून तुमच्या फोनपर्यंत हवेतून जातं ते वायफाय, ते घराच्या भिंतींवर, अंतरावर, शेजाऱ्यांच्या राउटरवर अवलंबून. दोष कुठल्या बाजूला आहे हे ठरवल्याशिवाय भांडण करून उपयोग नाही. आणि ठरवायचं कसं, तर लॅपटॉप लॅन केबलने थेट ओएनटीला जोडायचा, लॅपटॉपचं वायफाय बंद करायचं, आणि मग स्पीड बघायचा. माझ्या लॅपटॉपला लॅनचं भोक नाही म्हणून यूएसबीचं अडॅप्टर मागवलं, ८५० रुपये. केबलवर स्पीड आला ९४. सकाळी, दुपारी, रात्री नऊ वाजता, तेवढाच. १०० च्या प्लॅनला ९४-९५ दिसणं बरोबर असतं, बाकीचं डेटाच्या पाकिटांवरच्या पत्त्याबित्त्यात जातं. म्हणजे लाईन खरंच ओके होती आणि प्रश्न आमच्या भिंतींचा होता. राग गेला, कारण आता काय करायचं ते कळत होतं.

एक आकड्याचा घोळ इथेच सांगते. प्लॅनमधला आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाईल डाऊनलोड होताना दिसतो तो बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये, आठ बिट म्हणजे एक बाइट, त्यामुळे १०० चा प्लॅन असताना डाऊनलोड सेकंदाला १२ मेगाबाइटने होत असेल तर फसवलेलं नाही.

मग मी फोनवर वायफायची ताकद दाखवणारं एक फुकटचं ॲप घेतलं आणि घरभर फिरले. ताकद उणे आकड्यात येते, डीबीएममध्ये, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. उणे पन्नास म्हणजे उत्तम, व्हिडिओ कॉलला साधारण उणे सदुसष्टपर्यंत चालतं, उणे ऐंशीच्या खाली गेलं की नुसती खूण दिसते. आमच्या ओटीवर उणे ४२, सोप्यात ६३, माजघरात ८४, स्वयंपाकघरात काहीच नाही. कागदावर घराचा नकाशा काढून आकडे लिहिले. बाबांना हे फार आवडलं, ते फोन घेऊन परड्यापर्यंत मोजत गेले.

राउटर दोन लहरींवर चालतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाली वेगवान पण भिंतीत अडते, २.४ वाली सावकाश पण आत शिरते. साध्या विटांच्या एकदोन भिंती असतील तर २.४ वर निभतं. दोन फुटी दगड आणि पावसाळ्यात ओल धरलेली माती, यातून दोन्ही जात नाहीत. राउटर आणखी भारी घ्या, जादा अँटेनावाला घ्या असा सल्ला ओळखीच्या दोघातिघांनी दिला, पण राउटरची हवेत सोडायची ताकद नियमाने मर्यादित असते, आणि फोनची त्याहून कमी, फोनचा आवाजही परत राउटरपर्यंत पोचायला लागतो. अँटेना किती का असेनात.

रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पकडून पुढे सोडणारा डबा, स्वस्त असतो, हजार-बाराशेत येतो, पण त्याला स्वतःलाच चांगला सिग्नल लागतो, आणि साधा रिपीटर एकाच लहरीवर घेतो आणि देतो त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. मेशचे, म्हणजे घरभर ठेवून मिळून एकच वायफाय करणारे डबे चांगले असतात पण ते सहसा एकमेकांशी हवेतून बोलतात, म्हणजे मध्ये तीच भिंत. फ्लॅटवाल्यांनी जरूर विचार करावा. आमच्यासारख्या घरात वायर टाकणे हाच उपाय, ओटीवरून माजघरापर्यंत लॅन केबल आणि तिथे दुसरा राउटर.

केबल घेताना दुकानात 'कॉपर' म्हटलं की कधी कधी ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली देतात, बंडलवर सीसीए लिहिलेलं असतं. ती घेऊ नका, शुद्ध तांब्याची कॅट सिक्स मागा. मी साताऱ्याहून ३० मीटर आणली, मीटरला २८ रुपयाने ८४०. (लॅन केबल १०० मीटरपर्यंत नीट चालते, घरात तेवढी लागतच नाही.) आमच्या नेहमीच्या वायरमन काकांनी तुळयांच्या कडेने केसिंग पट्टीतून नेली, लाईटच्या वायरपासून लांब ठेवा म्हटलं तर ते म्हणाले ते मला माहितीये गं. दारांच्या वर तुळईखाली जुनी फट होती तिथून आत घेतली, एकही भिंत फोडली नाही. मजुरी आणि पट्टी मिळून ९०० घेतले, टोकांना कनेक्टर लावायला मात्र केबलवाल्याचाच मुलगा आला, त्याने चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.

दुसरा राउटर घेतला २,१०० रुपयांचा, दोन्ही लहरींचा, आणि पोर्ट गिगाबिट बघून घेतला. डब्यावर मोठ्या अक्षरात १२०० लिहिलेलं असतं ती दोन्ही लहरींची कागदावरची बेरीज, तो नेटचा स्पीड नाही. मागची पोर्ट १० बाय १०० अशी असतील तर पुढे कधी २०० चा प्लॅन घेतला तरी वायरमधून ९५ च्या वर येणार नाही, म्हणून ते आधी बघायचं.

आता सेटिंग. एका रविवारी सकाळी आईचा व्यायाम झाल्यावर बसले. नव्या राउटरच्या बुडाला स्टिकर असतं, त्यावर वायफायचं मूळ नाव, पासवर्ड आणि सेटिंगच्या पानाचा पत्ता, त्याचा आधी फोटो काढला कारण राउटर एकदा भिंतीवर लागला की तो वाचता येत नाही. फोन त्या वायफायला जोडल्यावर पान उघडेना तेव्हा मोबाईल डेटा बंद करा, या वायफायला नेट नाही म्हणून फोन गुपचूप डेटावर जातो आणि पान शोधत बसतो. आमच्या ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. बऱ्याच राउटरचा मूळ पत्ता पण हाच असतो आणि मग दोघांची टक्कर होते, त्यामुळे सेट करेपर्यंत नवा राउटर ओएनटीला जोडूच नका, नुसता प्लगला लावा.

सगळ्यात महत्त्वाचा पर्याय म्हणजे ऑपरेशन मोड. तिथे 'राउटर' असतं, तो घरचं नेटवर्क स्वतः चालवतो, आणि 'ॲक्सेस पॉइंट' असतं, तो आलेलं नेट फक्त वायफायवर पसरवतो. आमच्याकडे राउटरचं काम ओएनटीच करतो, कंपनीचं युजरनेम-पासवर्ड त्याच्यातच भरलेलं आहे, म्हणून दुसरा ॲक्सेस पॉइंट केला. नाहीतर घरात दोन वेगळी नेटवर्क होतात, ओटीवरचा फोन माजघरातल्या प्रिंटरला शोधत राहतो. पण तुमच्याकडे ओएनटीला वायफायच नसेल तर नवा डबा राउटर मोडमध्येच ठेवायचा, आणि तेव्हा बहुतेक पीपीपीओई (कंपनीकडे लॉगइन करायची पद्धत) निवडून कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड टाकावा लागतो. तो बसवायला आलेल्या मुलाकडून त्याच दिवशी लिहून घ्या, नंतर मागायला जीव जातो.

वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही डब्यांना अगदी एकच दिलं, म्हणजे फोन घेऊन ओटीवरून आत आलं की तो आपला आपण जवळच्याला धरतो. चॅनेल, म्हणजे एकाच लहरीतले छोटे पट्टे, मात्र वेगवेगळे. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, ॲपमध्ये बघितलं तर आळीतले बरेच जण ६ वर होते, मी ओटीवर १ आणि माजघरात ११ ठेवला. ५ मध्ये ऑटो ठेवलं होतं तर टीव्हीला ते नेटवर्क दिसेचना, ३६ नंबर पक्का केल्यावर दिसलं. मधले काही चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात आणि प्रत्येक टीव्ही-फोनला ते पकडता येत नाहीत, असं त्यामागचं कारण. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए थ्री (वायफायच्या कुलपाचा नवा प्रकार) एकटं निवडलं तर बाबांचा जुना फोन जोडला जाईना, टू आणि थ्री एकत्र असा पर्याय असतो तो घेतला. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, बंद केलं. आणि सेटिंगच्या पानाचा पासवर्ड वेगळा असतो, वायफायचा वेगळा, तो पहिला मूळचाच ठेवू नका, तो ज्याला माहीत त्याच्या हातात घराचं सगळं नेट.

दुपारी माजघरात उणे ४५ आणि स्वयंपाकघरात ६० आलं. सोमवारी आईच्या पलंगाशेजारी बसून मी ऑफिसची मीटिंग केली आणि फिजिओच्या बाईंना आईचा गुडघा किती वाकतो ते पहिल्यांदा न अडकता दिसलं, त्या म्हणाल्या थांबा, टाच थोडी आत घ्या, इतकं स्पष्ट दिसत होतं.

याचा एक फायदा मला आधी सुचला नव्हता. फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग असतं, ते चालू केलं की साधा फोनकॉल पण वायफायवरून जातो. सिमची कंपनी देत असेल आणि फोनमध्ये सोय असेल तर वेगळे पैसे पडत नाहीत. आईला गेली कित्येक वर्षं कोणाचा फोन आला की उठून ओटीवर जायला लागायचं, ऑपरेशननंतर ते शक्यच नव्हतं. आता ती पलंगावरून मावशीशी तासभर बोलते. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत आणि आत रेंज नाही त्यांनी हे आजच करून बघा.

८ ऑगस्टला शुक्रवारी संध्याकाळी ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा लागला. लाल म्हणजे प्रकाशच येत नाहीये, फायबर तुटली किंवा निघाली. अशा वेळी राउटर चालूबंद करून, रीसेट करून काही होत नाही, आणि मागच्या टाचणीच्या भोकात टाचणी तर अजिबात घालू नका, कंपनीची सगळी सेटिंग उडतात. दिव्यांचा फोटो काढला, तक्रार केली, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला. शनिवारी रक्षाबंधन, मग रविवार, कोणी आलं नाही, आणि रविवारी संध्याकाळी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला, लाल दिवा तसाच. मी परत फोन केला, नवी तक्रार घेऊ नका जुनीच उघडा म्हटलं, आणि मेल लिहिला: डॉकेट नंबर, दिव्याचा फोटो तारखेसकट, आणि ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे अपील प्राधिकरणाकडे जाईन एवढंच. प्रत्येक कंपनीला ते अपिलाचं प्राधिकरण ठेवावं लागतं, पत्ता त्यांच्या वेबसाईटवर असतो, अपिलाला पैसे पडत नाहीत. आवाज चढवायची गरज पडत नाही, कागद तयार असला की बोलणं सोपं जातं.

सोमवारी मुलगा आला. काकांच्या कौलांवर माकडांनी वायर चावून ठेवली होती. वाईत माकडं काही नवीन नाहीत. त्याने जॉइंट मारला, पॉवर परत उणे तेवीस, आणि त्यानेच सुचवलं की छपरावरचा तुकडा पीव्हीसी पाईपमधून नेऊ, ३५० रुपयांचा पाईप आम्ही आणून दिला. त्यानंतर आजपर्यंत तुटलेली नाही. बंद दिवसांची मुदत वाढवून द्या असं लेखी मागितलं, दिली. न मागता देत नाहीत.

लाईट जाण्याचं थोडक्यात सांगते. ओएनटी आणि राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, १,४०० च्या आसपास, तीन-चार तास चालतात. घेताना अडॅप्टरवर बघा, १२ व्होल्ट आहे की ९, आणि किती अँपिअर, चुकीचा व्होल्ट दिला तर डबा जळतो. आम्ही दोन घेतले. जोराच्या विजा चमकत असतील तेव्हा मात्र बाबा प्लगही काढतात आणि लॅनची केबलही, फायबरमधून वीज येत नाही पण तांब्याच्या केबलमधून आणि लाईटमधून येते.

२७ ऑगस्टला गणपती बसले तेव्हा घर भरलं, मुलंबाळं सगळी वायफाय मागायला लागली. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क असतं, पण आमच्या ॲक्सेस पॉइंटवरून ते घरच्या नेटवर्कपासून नीट वेगळं होत नव्हतं म्हणून फक्त ओटीवरच्या ओएनटीवर चालू केलं, क्यूआर छापून कोनाड्याशेजारी चिकटवला. गौरी गेल्यावर बंद केलं आणि पासवर्ड बदलला.

ऑक्टोबरमध्ये आई काठीशिवाय चालायला लागली आणि दिवाळीनंतर मी पुण्याला परत आले. येताना बाबांना एक कागद करून दिला: ग्राहक क्रमांक, तक्रारीचा नंबर, केबलवाल्याच्या मुलाचा नंबर, हिरवा दिवा म्हणजे काय, लाल म्हणजे काय, आणि सगळ्यात वर लिहिलं, आधी वायरने स्पीड बघा. अडॅप्टर त्यांच्याकडेच ठेवलं, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला लॅन आहेच पण तो चालू व्हायला वेळ लागतो. डिसेंबरमध्ये रिन्यूअलच्या आधी कंपनीचा फोन आला की काका तुमचा स्पीड कमी पडत असेल, ३०० चा घ्या. बाबांनी वायर लावून बघितलं, ९४ होतं, त्यांनी तसं सांगितलं आणि आहे तोच प्लॅन सहा महिने पुढे नेला. रिन्यूअलला डिपॉझिट परत लावलेलं नाही ना तेवढं बघा, आमच्या बिलात पहिल्यांदा ते आलं होतं, जून महिन्याची पावती दाखवल्यावर काढलं.